‘कुकूज नेस्ट’ की ‘द माउंटन’?
लोबोटॉमी (मनोरुग्णांच्या मेंदूतल्या जोडण्या तोडायची शस्त्रक्रिया) दोन्ही सिनेमांत आहे. मिलोश फोरमनचा ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’ (१९७५) हसवतो, चिडवतो, शेवटी रडवतो. पाच ऑस्कर उगाच नाही मिळाले.

रिक अल्व्हरसनच्या ‘द माउंटन’मध्ये (२०१८) तसलं काही नाही. जेफ गोल्डब्लमचा डॉक्टर लोबोटॉमी करत इस्पितळं पालथी घालतो, सोबतचा अबोल पोरगा पेशंटचे फोटो काढतो. फिकट रंग, जवळपास चौकोनी चौकट, पुतळ्यासारखी माणसं. कुणाला हे निव्वळ ढोंग वाटतं, कुणाला अस्सल. मी दुसऱ्या गटातला (जांभया दिल्या, कबूल). डॉक्टर ज्याच्यावर बेतलाय तो खराखुरा अमेरिकी डॉक्टर वॉल्टर फ्रीमन १९४६पासून लोबोटॉमीसाठी डोळ्याच्या खोबणीतून टोकदार सळई हातोडीनं ठोकायचा. त्याला पार्श्वसंगीत कुठलं लावणार?

घरच्यांसोबत पाहायचा तर पहिला. दुसरा एकट्यानं, झोप पुरी झाल्यावर.