आर्क्टिक मंकीजचा पहिला अल्बम: नागपूरच्या श्रोत्यांना काय आवडले, काय खटकले

आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बमचा विषय निघाला की जाणकार मंडळी आधी खपाचा आकडा सांगतात. 'व्हॉटेव्हर पीपल से आय अ‍ॅम, दॅट्स व्हॉट आय अ‍ॅम नॉट' असे लांबलचक नाव असलेला हा अल्बम 23 जानेवारी 2006 रोजी बाजारात आला आणि पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये त्याच्या 3,63,735 प्रती विकल्या गेल्या. कोणत्याही बँडच्या पहिल्या अल्बमला तोवर तिथे एवढी झटपट विक्री साधलेली नव्हती. आकडा खरा आहे आणि मोठाही आहे; पण त्याच्या दडपणाखाली ऐकायला बसणाऱ्या माणसाला पहिल्या दोन-तीन गाण्यांनंतर हमखास प्रश्न पडतो की एवढे काय आहे यात. आमच्या लक्ष्मीनगरातल्या छोट्या श्रोतृमंडळात नेमके तेच झाले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जी चर्चा झाली तिच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: हा अल्बम वाद्यांसाठी एकदा आणि शब्दांसाठी अनेकदा ऐकावा असा आहे.

बँडची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. शेफिल्ड शहराच्या उत्तरेकडील हाय ग्रीन या उपनगरातल्या मुलांनी 2002 मध्ये हा बँड उभा केला आणि जून 2003 मध्ये शहरातल्याच एका पबमध्ये पहिला कार्यक्रम केला. गायक व गीतकार अ‍ॅलेक्स टर्नर, गिटारवर जेमी कुक, बास गिटारवर अँडी निकल्सन आणि ड्रम्सवर मॅट हेल्डर्स अशी अल्बममधली चौकडी होती. कार्यक्रमांत ते आपल्या कच्च्या ध्वनिमुद्रणांच्या सीडी फुकट वाटत. ऐकणाऱ्यांनी ती गाणी इंटरनेटवर चढवली, आणि जाहिरातीवर मोठा खर्च न होताही कार्यक्रमांना येणारी पोरे सगळी गाणी तोंडपाठ करून येऊ लागली. 2005 मध्ये डोमिनो या स्वतंत्र रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, त्याच ऑक्टोबरमध्ये 'आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोअर' हे गाणे ब्रिटनमधल्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आले आणि जिम अ‍ॅबिस यांच्या निर्मितीत तयार झालेला अल्बम जानेवारीत प्रसिद्ध झाला. तेव्हा टर्नरला वीस वर्षे जेमतेम पूर्ण झाली होती.

आमच्याकडे मतभेद सुरू झाला तो वयावरून. महाविद्यालयात शिकणाऱ्या मंडळींना हा बँड 2013 च्या 'एएम' या अल्बममुळे ठाऊक आहे. त्यातली संथ, जड ठेक्याची गाणी त्यांनी रील्सखाली शेकडो वेळा ऐकलेली असतात. त्या वाटेने मागे येणाऱ्याला पहिला अल्बम परक्या माणसांचा वाटतो. 'एएम'मधला टर्नर शब्द मखमलीत गुंडाळून समोर ठेवतो, तर 2006 चा टर्नर ते अंगावर फेकतो. आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने पहिली चार गाणी संपल्यावर मोबाइलवर वेळ पाहिली आणि अजून किती बाकी आहे हे सरळच विचारले. पूर्ण अल्बम सुमारे एक्केचाळीस मिनिटांचा आहे, म्हणजे फार लांब मुळीच नाही. तरीही तिला तसे वाटले, कारण या गाण्यांत श्वास घ्यायला जागा कमी आहे.

हीच तक्रार दुसऱ्या टोकाकडूनही आली. मंडळातले एक ज्येष्ठ काका तबला वाजवतात, रॉक संगीताशी त्यांचा संबंध शेजाऱ्याच्या मुलाच्या गिटारपुरताच. ते म्हणाले, "काहून एवढी घाई करून राहिले हे पोट्टे? गाडी सुटून राहिली का यांची?" सगळे हसले, पण त्याच काकांनी पुढे ड्रम्सकडे बोट दाखवून जे सांगितले ते कुठल्याही समीक्षकापेक्षा नेमके होते. हेल्डर्स ठेका धरून बसत नाही, तो गायकाच्या ओळीला तोडे जोडत जातो. ओळ संपते तिथे मोकळी जागा ठेवायच्या ऐवजी तो एक भरीव तुकडा टाकतो आणि पुढच्या ओळीला अक्षरशः ढकलतो. पहिल्या 'द व्ह्यू फ्रॉम दि आफ्टरनून' या गाण्यात हे सर्वांत स्पष्ट ऐकू येते. काकांनी ते गाणे पुन्हा लावायला सांगितले आणि मांडीवर बोटांनी मोजून दाखवले की घाई वाटते ती गायकाच्या शब्दांची, तालाची नव्हे. ताल जागच्या जागी पक्का आहे.

ध्वनिमुद्रणाविषयी मात्र मला सबब सांगता येत नाही. सर्व वाद्ये सतत पुढे आणि सतत मोठ्या आवाजात आहेत. हळू आणि जोरात यांतले अंतर, जे अशा गाण्यांना खरे तर हवेच, ते बऱ्याच ठिकाणी सपाट झाले आहे. चांगल्या हेडफोनवर सलग ऐकले तर कान थकतात. मोटारीत, वर्धा रोडच्या रहदारीत काचा वर करून ऐकले तर हाच दोष गुण ठरतो, ही गोष्ट वेगळी.

आता शब्दांकडे येतो, कारण या अल्बमची कमाई तिथे आहे. तेरापैकी बहुतेक गाणी एकाच शहरातल्या आठवड्याअखेरच्या रात्रीभोवती फिरतात: संध्याकाळपूर्वीची आशा, दारावरचे पहारेकरी, नाचघरातली नजरानजर, परतीची टॅक्सी, दुसऱ्या दिवशीचे जडावलेले डोके. अल्बमचे शीर्षक अ‍ॅलन सिलिटो यांच्या 1958 च्या 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' या कादंबरीतून आलेले आहे, आणि तिथेही नॉटिंगहॅमच्या कारखान्यातला तरुण कामगार शनिवारची रात्र हाच जगण्याचा मोबदला मानतो. त्यामुळे निवड अगदी चपखल आहे. पहिल्याच गाण्यात रात्री तीनच्या सुमारास दारूच्या भरात पाठवलेले, पलीकडच्याच्या मोबाइलमध्ये सकाळी वाचायला राहून जाणारे संदेश आहेत. 'रेड लाइट इंडिकेट्स डोअर्स आर सिक्युअर्ड' हे शीर्षक तर टॅक्सीच्या दारावरच्या सूचनेतले आहे, आणि गाण्याचा आरंभच टॅक्सीत सहा जण बसू देणार का, या घासाघिशीने होतो. रात्री सीताबर्डीवर ऑटोवाल्याशी चौथ्या माणसावरून ज्याने वाद घातला आहे त्याला हे गाणे समजावून सांगावे लागत नाही. त्या वादात कोण पुढे होतो, कोण मागे उभा राहून मजा बघतो आणि कोण उगाच आवाज चढवतो, हे सगळे टर्नरने तीन मिनिटांच्या आत उभे केले आहे.

अडचण अशी की हे सारे पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. टर्नर शेफिल्डच्या बोलीत गातो, स्वर तोंडात दाबून धरतो आणि एका ओळीत दीड ओळीचा मजकूर कोंबतो. आमच्यातल्या इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनाही अर्धे शब्द निसटले. म्हणून आम्ही दुसऱ्या बैठकीत शब्द समोर ठेवून ऐकले, आणि मत तिथेच पालटले. कंटाळलेल्या त्या विद्यार्थिनीला 'मार्डी बम' या नवव्या गाण्यात रुसलेल्या मैत्रिणीची समजूत काढताना स्वतःची बाजूही हळूच सरकवणारा मुलगा इतका ओळखीचा वाटला की तिने ते लागोपाठ ऐकले. बोलीचा हा हट्ट नागपूरच्या माणसाला विशेष भावावा, कारण आपणही घरात एक आणि मंचावर दुसरे बोलतो. पुण्या-मुंबईच्या माणसांसमोर माइक हातात आला की आपली वऱ्हाडी वळणे झटकून टाकतो. लंडनला खूश करण्यासाठी टर्नरने तसे काही केलेले नाही.

तिसरे गाणे 'फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को' याच गोष्टीवर उभे आहे. गावातलाच एक बँड अमेरिकेत जन्मल्यासारखा आव आणतो, प्रेक्षकांत उभ्या असलेल्यांना ते ढोंग कळते आणि बँडमधल्या मुलाची प्रेयसी तेवढी कौतुक करत राहते, असा त्याचा ऐवज. आमच्या मंडळातल्या दोन गिटारवादकांनी आपापल्या महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत अमेरिकी उच्चार काढून इंग्रजी गाणी म्हटलेली आहेत. हे गाणे संपल्यावर ते दोघे काही वेळ काही बोलले नाहीत. मग एकाने कबूल केले की प्रेयसीचा तपशीलसुद्धा बरोबर आहे. अल्बममधला विनोद असा बोचरा आहे, आणि तो बहुतेक वेळा बोचतो ते गायकाच्याच वर्तुळातल्यांना.

सर्वांनी एकमताने उचललेले गाणे म्हणजे अकरावे, 'व्हेन द सन गोज डाउन'. सुरुवातीला एक गिटार आणि आवाज एवढेच. रस्त्याच्या कडेला उभी असलेली वेश्या आणि तिच्याभोवती घोटाळणारा ओंगळ माणूस यांचे वर्णन टर्नर जवळजवळ गप्पा मारल्याच्या सुरात करतो. मग संपूर्ण बँड अंगावर कोसळतो, आणि शेवटी पुन्हा तोच एकटा आवाज उरतो. जोर आणि हळुवारपणा यांचे जे अंतर इतरत्र हरवले आहे ते इथे राखले गेले म्हणून परिणाम दुप्पट होतो. कथनात कळवळ्याचे प्रदर्शन नाही, उपदेश नाही. 'रायट व्हॅन' हे सातवे, सव्वादोन मिनिटांचे संथ गाणेही याच जातीचे: पोलिसांची थट्टा करणारी पोरे, आणि शेवटी व्हॅनच्या आत त्यांची होणारी गत. ते इतक्या हलक्या आवाजात सांगितले आहे की शेवट कळायला क्षणभर उशीर होतो.

कमकुवत भाग चौथ्या ते सहाव्या गाण्यांचा. तिन्ही नाचघरातली आहेत, तिन्हींचा वेग सारखा आहे, आणि 'डान्सिंग शूज' संपून पुढचे कधी सुरू झाले हे लक्ष न दिल्यास कळत नाही. दहावे 'परहॅप्स व्हॅम्पायर्स' हे बँडला नावे ठेवणाऱ्यांना दिलेले उत्तर आहे. त्या वेळी ते आवश्यक वाटले असेल, आज त्यात रस उरत नाही. याहून गंभीर आक्षेप मंडळातल्या एका शिक्षिकाबाईंनी घेतला. त्यांच्या मते या गाण्यांतल्या मुली नेहमी कोपऱ्यातून पाहिल्या जातात, त्यांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, आणि 'स्टिल टेक यू होम'मध्ये तर निवेदक जिला तुच्छ लेखतो तिच्याच मागे जातो. काहींनी बचाव केला की तो निवेदक स्वतःलाही उघडा पाडतो. बचाव खरा आहे, पण अपुरा आहे; एकोणीस वर्षांच्या मुलाची नजर प्रामाणिक असली तरी तिची कक्षा छोटीच राहते, आणि अल्बमला त्याची किंमत मोजावी लागली आहे.

कौतुकाचा अतिरेकही नोंदवायला हवा. 'एनएमई' या ब्रिटिश नियतकालिकाने प्रसिद्धीनंतर काही दिवसांतच या अल्बमला आजवरच्या सर्वश्रेष्ठ ब्रिटिश अल्बमांत पाचवे स्थान देऊन टाकले. गोष्ट मुरायच्या आधीच लोणच्याला पहिला नंबर देण्यातला हा प्रकार. बँडने स्वतः अधिक शहाणपण दाखवले: सप्टेंबर 2006 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला मिळणारे मर्क्युरी पारितोषिक स्वीकारताना टर्नरने त्याच स्पर्धेतल्या शेफिल्डच्याच गायक रिचर्ड हॉली यांना लुटले गेल्याचे सांगून पोलिसांना बोलवायची थट्टा केली.

शेवटच्या 'अ सर्टन रोमान्स' या गाण्यावर आमचा वाद मिटला नाही. ड्रम्सच्या धडाक्याने ते सुरू होते, मग अचानक उतरून ठुमकत्या, रेगे या जमैकन संगीतप्रकाराची आठवण करून देणाऱ्या लयीवर येते आणि साडेपाच मिनिटे चालते, अल्बममध्ये सर्वांत लांब. गावातल्या उडाणटप्पू पोरांचे कपडे, मोबाइलच्या रिंगटोन, मारामाऱ्या यांवर टर्नर आधी यथेच्छ तोंडसुख घेतो. नंतर त्यांच्यातच आपले जुने मित्र दिसू लागतात आणि त्यांच्यावर त्याच रीतीने रागावता येत नाही असे तो मान्य करतो. शिक्षिकाबाईंना हा पक्षपात वाटला: परक्याच्या पोराला दोष, आपल्या पोराला माफी. काकांना त्यात काहीच गैर वाटले नाही. त्यांच्या मोहल्ल्यात सगळे असेच वागतात. मला हे गाणे अल्बममधले सर्वोत्तम वाटते ते याच पक्षपातामुळे, कारण बारा गाणी हसून झाल्यावर गायकाला इथे पहिल्यांदा आपल्या हसण्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो हिशेब जुळत नाही हे तो लपवत नाही. शेवटी शब्द थांबतात आणि गिटार लांबवर एकटी चालू राहते.

विकत घ्यायचे झाल्यास व्हिनाइल रेकॉर्ड नागपुरात हाताला लागणे कठीण. आमच्यापैकी ज्याला हवी होती त्याने मुंबईहून मागवली. आवाजाच्या दृष्टीने त्यात फार काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, मूळ ध्वनिमिश्रणच दाटीवाटीचे आहे. जुनी सीडी मिळाली तर जरूर घ्यावी: मुखपृष्ठावर सिगारेट ओढणारा बँडचा एक मित्र, ज्याच्यावरून स्कॉटलंडच्या आरोग्यसेवेतून आक्षेप आला होता, आणि तबकडीवर थोटकांनी भरलेली रक्षापात्री. एरवी स्ट्रीमिंग पुरेसे आहे, फक्त शब्द समोर असू द्यावेत. 'एएम'वरून येणाऱ्यांनी पहिल्या गाण्यापासून सुरुवात करू नये. आधी अकरावे, मग नववे, मग सातवे ऐकावे, आणि तेरावे पूर्ण अल्बम ऐकायची तयारी झाल्यावरच लावावे.