गाडीत पिस्तूल ठेवून जायचंच असेल तर: डॅशबोर्डचा कप्पा, केबलचा बॉक्स, कन्सोल की डिकी?

भारतात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी परवान्याचं हत्यार पाहिलं ते बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर. अमेरिकेत आल्यावर, विशेषतः टेक्सस, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा राज्यांत घर घेऊन स्थिरावल्यावर, काहींच्या स्वतःच्या कमरेला पिस्तूल आलं. ते घ्यावं की न घ्यावं हा वाद इथे नको. ज्यांनी घेतलं आहे त्यांना रोज पडणारा प्रश्न वेगळा आहे. पोस्ट, कोर्ट, मुलांची शाळा, कधी कधी स्वतःचं ऑफिस, अशा अनेक जागी ते आत नेता येत नाही. मग गाडीतच ठेवावं लागतं. कुठे आणि कशात ठेवायचं, याचा हा आढावा.

आधी एक खुलासा. एच-1बी, एल-1, एफ-1 असा नॉन-इमिग्रंट व्हिसा असेल तर बॉक्स निवडण्याचा प्रश्नच येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही आडकाठी नाही. पण उन्हाळ्यात आई-बाबा बी-2 व्हिसावर आले असतील आणि तुमची गाडी घेऊन बाहेर पडणार असतील, तर पिस्तूल त्या गाडीत राहता कामा नये आणि बॉक्सची चावीही त्यांच्या जुडग्यात असू नये.

गाडी ही तिजोरी नव्हे, हे आकड्यांतही दिसतं. बंदुकांवर देखरेख करणाऱ्या एटीएफ या संघराज्य संस्थेच्या अहवालानुसार 2017 ते 2021 या पाच वर्षांत अमेरिकेत 10 लाखांहून जास्त बंदुका चोरीला गेल्याची नोंद झाली, आणि त्यातल्या बहुतांश खासगी मालकांच्या होत्या. शहरांच्या पोलीस नोंदी चाळणाऱ्या संस्थांना अलीकडच्या वर्षांत असं आढळलं आहे की चोरीच्या बंदुकांपैकी निम्म्याच्या आसपास गाड्यांमधून जातात. त्या पुढे कुठे जातात याचं एक उदाहरण कॅलिफोर्नियात अजून लोकांच्या लक्षात आहे. जून 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका सरकारी रेंजरच्या गाडीतून त्याचं सर्व्हिस पिस्तूल चोरीला गेलं आणि चारच दिवसांत, 1 जुलैला, त्याच पिस्तुलाच्या गोळीने पिअर 14 वर फिरायला आलेल्या एका तरुणीचा जीव गेला. पुढच्या वर्षी राज्याने कायदा केला: कुणी नसलेल्या गाडीत हँडगन ठेवायची तर बंद डिकीत, किंवा कुलूपबंद पेटीत आणि नजरेआड. पोलिसांनाही त्यातून वगळलेलं नाही. नियम मोडला तर 1,000 डॉलरपर्यंत दंड.

आता पर्याय. सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट म्हणजे डॅशबोर्डचा कप्पा. चोर काच फोडून हात घालतो तेव्हा पहिला हात तिथेच जातो. कप्प्याला कुलूप असलं तरी ते प्लास्टिकच्या झाकणाला असतं, स्क्रू-ड्रायव्हरने दोन हिसक्यांत निघतं. टेस्लात त्याला चार आकडी पिन लावता येतो. त्याने पार्किंगवाल्या पोऱ्याचं कुतूहल थांबेल, पहार घेऊन आलेल्याचं नाही. शिवाय कायद्यातही हा कप्पा अनेक ठिकाणी मोजतच नाहीत. कॅलिफोर्निया तो कुलूपबंद पेटी मानत नाही. न्यू यॉर्कने तर सुरक्षित पेटीच्या व्याख्येतून त्याला नाव घेऊन वगळलं आहे. राज्याराज्यांतून प्रवास करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या 1986 च्या संघराज्य कायद्यातही, वेगळी डिकी नसलेल्या गाडीत हा कप्पा आणि दोन सीटमधला कन्सोल दोन्ही चालत नाहीत. उलट इलिनॉयच्या कॅरी कायद्याने, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगण्याच्या कायद्याने, तोच कप्पा 'केस' म्हणून स्वीकारला आहे. तेव्हा शिकागोच्या मित्राचा सल्ला सॅन होजेत पाळू नका.

दुसरा पर्याय केबलवाल्या लहान बॉक्सचा. पुस्तकाएवढी पोलादी पेटी, किल्लीचं किंवा आकड्यांचं कुलूप, आणि सीटच्या लोखंडी चौकटीभोवती वेढायची तारेची केबल. साधारण 30 ते 60 डॉलरमध्ये मिळते. सुरुवात बहुतेक जण इथूनच करतात आणि त्यात चूक काही नाही, फक्त तिच्याकडून अपेक्षा बेताची ठेवा. स्वस्त पेट्यांचा पत्रा बहुधा 16 किंवा 18 गेजचा असतो, म्हणजे दीड ते सव्वा मिलिमीटर. केबल बोल्ट कटरने एका दाबात तुटते. पाकिटावर हजार-दीड हजार पाउंड ताण सोसण्याचा दावा छापलेला असतो. तो ओढण्याबद्दल असतो, कापण्याबद्दल नाही. पण काच फोडून अर्ध्या मिनिटात पळणारा चोर सहसा कटर घेऊन येत नाही. तो लॅपटॉपची बॅग शोधत असतो. सीटखालची न दिसणारी, ओढून न निघणारी पेटी त्याला थांबवायला पुरे पडते.

हा बॉक्स घेताना लोक जाडी बघत नाहीत. दीड-पावणेदोन इंच जाडीच्या पेटीत पिस्तूल बसतं, होल्स्टरसह, म्हणजे कमरेला लावायच्या म्यानासह, बसत नाही. वर रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम दाखवणारं भिंग, लावलेलं असेल तर कधी कधी नुसतंही बसत नाही. होल्स्टरसकट मावेल अशीच पेटी का हवी, ते पुढे येतंच. भाड्याच्या गाडीत, दर तीन वर्षांनी लीज बदलणाऱ्यांना, दोन गाड्या आलटून पालटून वापरणाऱ्यांना हाच पर्याय सोयीचा, कारण गाडीला भोक पाडावं लागत नाही. केबलचा फास सीटच्या पुढच्या पट्टीला अडकवू नका. मागच्या बाजूने, जिथे रूळ जमिनीला बोल्टने जोडलेला असतो, तिथून घ्या. आणि सीट पुढे-मागे सरकवून बघा, नाहीतर केबल मोटरच्या वायरींत गुंतते.

कन्सोल व्हॉल्ट म्हणजे दोन सीटच्या मधल्या खोबणीत, त्या-त्या मॉडेलच्या मापाने बनवलेली तिजोरी. पत्रा 12 गेजचा, म्हणजे अडीच मिलिमीटरहून जाड. आतून बोल्ट, वर कंपनीचंच मूळ झाकण. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच वेगळं दिसत नाही, आणि गुप्त ठेवणं हाच हेतू असेल तर याच्या तोडीचं दुसरं काही नाही. ड्रायव्हरच्या सीटवरून न उतरता, न वाकता पिस्तूल आत जातं. दोन अडचणी. एक, 250 ते 400 डॉलर. दुसरी, हे बहुतेक पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींसाठी बनतं: एफ-150, सिल्व्हराडो, टाहो, रँग्लर. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या ओडिसी, सिएना, कॅमरीसाठी निवड तुटपुंजी. गाडी पाच-सात वर्षं ठेवणार असाल आणि तुमच्या मॉडेलचं माप मिळत असेल, तर पैसे इथे घाला.

डिकीचं काय? सेडानची डिकी कायद्याच्या नजरेत भक्कम जागा आहे, बाहेरून दिसत नाही, चोराच्या हाताच्या टप्प्यात नाही. पण काच फुटली की डिकी उघडायचं बटण बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशीच असतं. मागची सीट आडवी करायची खिटी आतल्या बाजूला असेल तर तोही रस्ता मोकळा. म्हणून डिकीतही पेटी हवीच, केबलसह. एसयूव्ही, मिनिव्हॅन आणि हॅचबॅक यांना तर डिकी नसतेच म्हणा ना. कॅलिफोर्नियाच्या व्याख्येत डिकी म्हणजे प्रवाशांच्या जागेतून हात न पोचणारा बंद कप्पा. सामानावर ओढायचा पडदा त्यात बसत नाही. अशा गाड्यांत मागे फरशीला बोल्ट केलेले पोलादी खण मिळतात, उत्तम असतात, किंमत हजार डॉलरच्या वर. रायफली घेऊन शिकारीला जाणाऱ्यांसाठी ते ठीक आहेत, एका पिस्तुलासाठी फार झालं.

डिकीचा खरा तोटा मात्र वेगळाच. मॉलच्या पार्किंगमध्ये उतरायचं, मागे जायचं, शर्ट वर करायचा, पिस्तूल काढायचं, डिकी लावायची आणि आत निघून जायचं: तिथे बसून गाड्या हेरणाऱ्याला एवढी जाहिरात पुष्कळ होते. डिकी वापरायची तर घरूनच निघताना ठेवा, किंवा एखाद्या शांत जागी आधी थांबून ठेवा आणि मग मुक्कामी जा. मागच्या काचेवर बंदुकीच्या कंपनीचा स्टिकर लावणाऱ्यांनी तर कोणताही बॉक्स घेण्याआधी तो खरवडून काढावा.

कुलुपाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गाडीत बॅटरीवर चालणारं काही नको. ॲरिझोनाच्या टेम्पीत 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उन्हात तासभर उभ्या गाड्यांच्या आतलं तापमान सरासरी 47 अंश सेल्सियस भरलं आणि डॅशबोर्ड 69 अंशांपर्यंत गेला. त्या भट्टीत बोटांचे ठसे वाचणारी काच आणि बॅटरी दोन उन्हाळे काढतील की नाही, याची खात्री मी देणार नाही. घामेजलेलं बोट ओळखलं जात नाही ते वेगळंच. पाच बटणांचं यांत्रिक कुलूप, ज्यात वीजच नाही, ते महाग पडलं तरी टिकतं. साधी किल्लीही चालते, फक्त ती गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात नको. वॅले पार्किंगला किंवा सर्व्हिसिंगला तुम्ही जुडगा देता तेव्हा तिजोरीही देऊन बसता.

आता होल्स्टरचं. अंगावरून पेटीत आणि पेटीतून अंगावर, या दोन हालचालींत अपघाती गोळी सुटण्याचा धोका सगळ्यात जास्त: बसलेला माणूस, अवघडलेला हात, समोर स्टिअरिंग. म्हणून नियम एकच धरा. पिस्तूल होल्स्टरमधून बाहेर काढायचं नाही. कडक होल्स्टर ट्रिगर झाकतं, ते क्लिपसकट पट्ट्यावरून उतरवायचं आणि तसंच पेटीत ठेवायचं. न्यू यॉर्कसारख्या राज्यात मात्र पेटीत ठेवण्याआधी काडतुसं काढणं सक्तीचं आहे. तिथे गाडी सोडायचा बेत असेल तर घरातच, शांतपणे, चेंबर (नळीमागची काडतुसाची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासून रिकामं करा आणि तसंच निघा. गाडीत बसून मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा खण, काढण्याची कसरत नको.

मंडळाच्या कार्यक्रमांना जाणाऱ्यांसाठी एक कलम मुद्दाम सांगण्यासारखं आहे. आपला गणेशोत्सव, दिवाळीचं नाटक, रविवारची मराठी शाळा हे सगळं बऱ्याच गावांत भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतं. शाळेपासून 1,000 फुटांच्या आत बंदूक बाळगण्यावर संघराज्याची बंदी आहे. त्या राज्याचा परवाना असेल तर तिच्यातून सूट मिळते. टेक्ससमध्ये सप्टेंबर 2021 पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, म्हणून अनेकांनी परवाना काढणंच सोडून दिलं. पण मग ही सूटही गेली. त्यांच्यासाठी शाळेच्या परिसरात एकच सुरक्षित वाट: पिस्तूल रिकामं, आणि कुलूपबंद पेटीत. परवाना असला तरी शाळेच्या दारातून आत न्यायचं नाही, आणि पार्किंगबद्दल राज्याचा नियम वेगळा वाचायचा. पोस्टाचं आणखी कडक आहे. तिथली बंदी इमारतीपुरती नसून पार्किंगलाही लागू आहे, आणि एका संघराज्य अपील न्यायालयाने 2015 मध्ये ती उचलून धरली. पासपोर्टचा अर्ज द्यायला पोस्टात जाणार असाल तर पिस्तूल घरी ठेवा. पेटी कितीही भारी असो, तिथे तिचा उपयोग नाही.

ऑफिसचं उलट आहे. टेक्ससमध्ये 2011 च्या कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, मालकाला कर्मचाऱ्यांच्या कुलूपबंद खासगी गाडीतल्या बंदुकीवर बंदी घालता येत नाही. फ्लोरिडातही असाच कायदा आहे. पण रोज आठ-नऊ तास एकाच जागी उभी राहणारी गाडी म्हणजे चोराला निवांत वेळ. रोजची हीच गत असेल तर केबलच्या बॉक्सवर विसंबू नका, कन्सोल व्हॉल्टच घ्या. तो मिळत नसेल तर ऑफिसच्या दिवशी पिस्तूल नेऊच नका.

माझी निवड विचाराल तर ती थांबण्याच्या वेळेवर ठरते. किराणा घ्यायला पंधरा मिनिटं: सीटखालचा केबलचा बॉक्स पुरे. सिनेमा, कार्यक्रम, दोन-तीन तास: कन्सोल, नाहीतर आधीच डिकीत ठेवलेली बांधलेली पेटी. रात्रभर: कोणताच पर्याय नाही. हॉटेलात असाल तर पेटी केबल सोडवून खोलीत न्या, घरी असाल तर घरातल्या तिजोरीत. बाहेर दोन पेग घ्यायचा बेत असेल तरी हेच उत्तर, घरी. आणि गाडीत मुलं असतील तर पेटी नसणं हा पर्यायच नाही. टेक्ससमध्ये बेपर्वाईने ठेवलेलं भरलेलं पिस्तूल 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती पडलं, तर तोही गुन्हा आहे.

कोलोराडोत राहणाऱ्यांसाठी एक जोड: 1 जानेवारी 2025 पासून तिथे कुणी नसलेल्या गाडीतली हँडगन कठीण कवचाच्या कुलूपबंद पेटीत, नजरेआड आणि गाडीला कुलूप लावून ठेवणं बंधनकारक आहे. झिपची कापडी बॅग, तिला कुलूप असलं तरी, हँडगनला चालत नाही. म्हणून दुकानातल्या त्या स्वस्त कापडी केसेसकडे बघूही नका.

पेटी कोणतीही घ्या, पिस्तुलाचा सिरियल नंबर, मॉडेल आणि फोटो गाडीबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. चोरी झाली तर पोलिसांच्या राष्ट्रीय यादीत नोंद होते ती त्या नंबरवरूनच. मुदतही राज्यागणिक ठरलेली आहे: न्यू यॉर्कमध्ये 24 तास, कॅलिफोर्निया आणि कोलोराडोत 5 दिवस.