600 डिग्रीवाला सिल्व्हर पेंट : भट्टीला बेस्ट, लेझरपुढे नुसता धूर

अंबडला आपलं छोटं शॉप आहे. 1500 वॅटचं टेबलवालं फायबर लेझर वेल्डिंग मशीन आहे आणि जॉबच्या फटीतून बीम खाली गेला की फिक्श्चर (जॉब धरून ठेवणारा सांगाडा) भाजतं, दर महिन्याला तेच रडगाणं. पेंटवाला म्हणाला, साहेब हा हीट रेझिस्टंट सिल्व्हर मारा, 600 डिग्रीला पण काही होत नाही, लेझरलाही चालेल. घेतला एक लिटर.

पण फिक्श्चरला मारायच्या आधी म्हटलं बघू तरी. 2 एमएम एमएस (साध्या स्टीलच्या) पत्र्याचे चार तुकडे केले, एक कोरा, एक सिल्व्हर, एक त्याच कंपनीचा काळा आणि चौथा जॉबवर्कवाल्याकडून झिरकोनियाचा (हे एक सिरॅमिक) प्लाझ्मा स्प्रे, म्हणजे वितळवून फवारलेला थर, मारून आणलेला. हेड वर घेऊन फोकस सोडवला म्हणजे ठिपका पसरला, पॉवर सगळ्यांना सारखी, पाच-पाच सेकंद. (गॉगल लेझरचाच घाला, हा बीम डोळ्याला दिसत नाही आणि चकचकीत पत्र्यावरून कुठे उलटेल सांगता येत नाही.)

सिल्व्हर भप्पकन पेटला, धूर, आणि खाली कोऱ्या पत्र्यासारखाच खड्डा. डब्यावर लिहिलंय तसं भट्टीत 200 डिग्रीला तासभर भाजूनही घेतला होता, म्हणजे पेंट नीट पक्का झाला नव्हता ही पळवाट पण नाही. काळा तर विचारूच नका, तो बीम गिळतो. मुळात 600 डिग्री म्हणजे सायलेन्सरसारखी हळूहळू तापणारी वस्तू हो, इथे सगळी पॉवर चण्याएवढ्या ठिपक्यावर येते, सिल्व्हर पेंटमधलं सिलिकॉन रेझिन जळालं की ॲल्युमिनियमची भुकटी कशाला धरून राहणार?

झिरकोनिया मात्र पांढराफेक तापला तरी खालचा पत्रा शाबूत. तो वितळतो 2700 च्या आसपास आणि उष्णता खाली जाऊ देत नाही, ओझरला एचएएलमध्ये (विमानांच्या कारखान्यात) असलेले आमचे मेहुणे म्हणाले जेट इंजिनच्या ब्लेडवर हेच असतं. फक्त परत परत बीम मारल्यावर चौथ्या-पाचव्या वेळी थंड होताना कोटिंगची टिकली उडाली, स्टील जास्त आकसतं आणि कोटिंग कमी. आणि कोणी सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) लेझरवरचा रिझल्ट दाखवला तर फायबरला लावू नका, सीओटूची वेव्हलेंथ दहापट, हिशोबच वेगळा.

एप्रिल 2025 ला डीआरडीओने कुर्नूलला 30 किलोवॅटच्या लेझरने ड्रोन पाडलं, आपलं मशीन त्याच्या विसावा हिस्सा, तरी पेंटचं हे झालं.

पेंटला भट्टीच्या दारासाठी चार स्टार, पावसाळ्यातही गंज नाही धरला. लेझरसाठी शून्य. फिक्श्चरखाली आता तांब्याची जाड पट्टी टाकलीय.