कंपनीच्या मेडिक्लेममधून स्वतःच्या पॉलिसीत : नोकरी गेल्यानंतरचे तेरा महिने

३ ऑक्टोबर २०२४ ला आमच्या विभागातल्या नऊ जणांना बोलावून सांगण्यात आलं की ३१ ऑक्टोबर हा शेवटचा दिवस. अकरा वर्षं मी तिथे क्वालिटीत होते. त्या बैठकीत पगार डोक्यात आला, घराचा हप्ता आला, लेकीची बारावी आली. विमा आला नाही. तो रात्री आला, सासूबाईंना इन्सुलिन देताना. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी त्याहून जुनी. आम्हा चौघांचाही मेडिक्लेम माझ्या कंपनीतून होता. नवऱ्याचा छपाईचा छोटा व्यवसाय आहे, तिथे विमा वगैरे काही नाही. म्हणजे १ नोव्हेंबरच्या सकाळी घरात कुणाच्याच डोक्यावर छत्र उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एचआरला विचारलं. उत्तर मिळालं, "मॅडम, शेवटच्या दिवसापर्यंत कव्हर आहे, पुढे तुम्ही बाहेरून नवीन घ्या." हे उत्तर अर्धवट होतं आणि ते प्रामाणिक समजून मी नवीन पॉलिसी घेतली असती तर आमचं मोठं नुकसान झालं असतं. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला, त्याच्या कुटुंबासकट, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबासाठी एकच सामायिक विमा रक्कम असलेल्या) पॉलिसीत जाता येतं. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांतच ही मुभा आहे. याला मायग्रेशन म्हणतात. पोर्टेबिलिटी वेगळी, ती एका विमा कंपनीतून दुसरीत जाण्याची. मायग्रेशनमध्ये आधी विम्यात काढलेल्या वर्षांचं श्रेय सोबत येतं, म्हणजे थांबण्याच्या मुदतीत ती वर्षं धरली जातात. नवीन पॉलिसी घेतली की पहिले तीस दिवस अपघाताशिवाय काही मिळत नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी छत्तीस महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. सासूबाईंच्या बाबतीत छत्तीस महिने म्हणजे जवळजवळ विमा नसल्यासारखंच.

एचआरमधल्या माणसांवर माझा राग नाही, त्यांनाही बहुधा कुणी हे शिकवलेलं नसतं. पण निघणाऱ्या माणसाच्या हातात जे कागद देतात त्यात या एका ओळीची भर घालायला काय लागतं, हा प्रश्न मला अजून पडतो. त्या नऊ जणांतल्या सहा जणांना हे माझ्याकडून कळलं. दोघांनी तोवर नव्या पॉलिसीचे पैसे भरलेसुद्धा होते. त्यांना तीस दिवसांच्या फ्री-लुक मुदतीत, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायच्या मुदतीत, ती परत करता आली.

मी ९ ऑक्टोबरला अर्ज दिला. फॉर्म भरणं सोपं होतं, खरी दमछाक पुराव्यांची झाली. आमच्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी विमा कंपनी बदलली होती. आताच्या विमा कंपनीकडे आमची नोंद दोनच वर्षांची. त्याआधीची नऊ वर्षं दाखवायची तर जुन्या पॉलिसींचे क्रमांक, आमची नावं असलेली विम्याची ई-कार्डं किंवा सदस्यांची यादी हवी. ही सगळी ई-कार्डं माझ्या ऑफिसच्या ईमेलवर होती, आणि ते ईमेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होणार होतं. तीन रात्री बसून २०१३ पासूनची कार्डं शोधली आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवली. दोन वर्षांची सापडलीच नाहीत. ती फायनान्समधल्या एका मैत्रिणीने जुन्या टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेमचं काम पाहणाऱ्या संस्थेच्या) यादीतून काढून दिली. तिने ती दिली नसती तर सलग संरक्षणात खंड पडला असता आणि श्रेय फक्त अलीकडच्या वर्षांचंच मिळालं असतं. नोकरी शाबूत असलेल्या कुणालाही मी आता पहिलं हेच सांगते : आजच ई-कार्ड डाउनलोड करा, दरवर्षीचं करा, आणि ते घरच्या ईमेलवर ठेवा.

मायग्रेशन म्हणजे आपोआप होकार नव्हे. ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाताना विमा कंपनी प्रकृती तपासते, आणि त्यावर हप्ता आणि अटी ठरवते. आम्हा तिघांसाठी दहा लाखांचा फ्लोटर मिळाला, मूळ हप्ता २४,८००. सासूबाईंच्या तपासण्या झाल्या आणि त्यांच्यासाठी वेगळी पाच लाखांची पॉलिसी आली, मूळ हप्ता ३८,५००, वर प्रत्येक क्लेममध्ये वीस टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा आमच्या खिशातून. तेव्हा १८ टक्के जीएसटी होता. सगळं मिळून ७४,६९४ रुपये, तेही पगार थांबायच्या महिन्यात.

त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी एवढे घालू नकोस गं. मला काय होतंय? सरकारी दवाखाना आहे की." मी म्हटलं, "आई, हे तुमच्यासाठी नाही, आपल्या सगळ्यांसाठी आहे." मला तेव्हा याहून नीट सांगता आलं नाही, पण ते खरंच होतं. घरातलं एक मोठं आजारपण आमची सगळी शिल्लक घेऊन गेलं असतं, आणि ती शिल्लक आता पगार म्हणून वापरायची होती.

हप्ता महिन्याला भरायचा पर्याय होता. मी वर्षाचा एकदम भरला. पगार नसताना खात्यात किती शिल्लक असेल याचा भरवसा नाही. मासिक हप्ता चुकला तर सवलतीची मुदत पंधरा दिवसांचीच, वार्षिकाला तीस. वर्षभराची काळजी ज्या दिवशी पैसे हातात होते त्याच दिवशी मिटवणं मला जास्त सुरक्षित वाटलं. नोकरी गेल्यावर रोख हातात ठेवावी असं सगळे सांगतात. तेही चुकीचं नाही, पण विम्याच्या बाबतीत मी ते ऐकलं नाही आणि फेब्रुवारीत त्याचं समाधान वाटलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सासूबाईंना न्यूमोनिया झाला. साखर चारशेच्या वर गेली, आठ दिवस रुग्णालयात, त्यातले तीन आयसीयूत. कॅशलेसची विनंती गेली आणि विमा कंपनीचा प्रश्न आला : मधुमेह कधीपासून, त्याची कागदपत्रं द्या. पॉलिसी सुरू होऊन तेव्हा साडेतीन महिनेच झाले होते. साध्या नव्या पॉलिसीत इथेच सगळं अडकलं असतं. आमच्या पॉलिसीच्या पत्रकात सासूबाईंच्या नावासमोर वेटिंग पिरियड (जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत) शून्य असं छापलेलं होतं आणि अर्जात मधुमेह, रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या, इन्सुलिन सगळं लिहिलेलं होतं. मी त्या पानाचा फोटो रुग्णालयाच्या विमा कक्षात दिला. दुपारी मंजुरी आली.

बिल झालं १,६४,३०० रुपये. त्यातले ११,८०० हातमोजे, मास्क, नोंदणी असल्या न मिळणाऱ्या गोष्टींचे. उरलेल्या १,५२,५०० वर वीस टक्के को-पे, म्हणजे ३०,५००. विमा कंपनीने १,२२,००० दिले, आमच्या खिशातून गेले ४२,३००. खोली आम्ही पॉलिसीच्या मर्यादेतली घेतली होती. मर्यादेबाहेरची घेतली की नुसतं खोलीचं भाडंच नाही, डॉक्टरांच्या फीपासून इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात, हे आधी वाचून ठेवलं होतं म्हणून भरती करतानाच विचारून घेतलं.

तक्रार आहे ती डिस्चार्जच्या दिवसाची. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते, आणि उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो विमा कंपनीने सोसायचा असतो. आम्ही साडेपाच तास बसलो. आजारी म्हातारं माणूस कपडे बदलून खुर्चीत बसलेलं, आणि काउंटरवरून दर वेळी "अजून मेल आली नाही". मी लेखी तक्रार केली, माफीचं उत्तर आलं. उत्तर आलं नसतं तर नियामकाचं तक्रारींसाठीचं बिमा भरोसा पोर्टल आणि तिथूनही काम झालं नाही तर विमा लोकपाल, हे दोन्ही रस्ते मी लिहून ठेवले होते.

पैशांचं आता. फुल अँड फायनलमध्ये दोन महिन्यांचा पगार, साठलेल्या रजांचे पैसे आणि ग्रॅच्युइटी मिळाली. ग्रॅच्युइटीचा हिशेब तेव्हा सोपा होता : शेवटचं मूळ वेतन भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले सेवेची वर्षं. माझे ३२,००० मूळ वेतन, अकरा वर्षं, झाले २,०३,०७७. कायद्याने तीस दिवसांत द्यावी लागते, मला सत्ताविसाव्या दिवशी आली. हे सगळं मी घरखर्चाच्या खात्यात येऊच दिलं नाही. एक जुनं, न वापरलेलं बचत खातं होतं, त्यात टाकलं आणि दर महिन्याच्या एक तारखेला तिथून ३८,००० घरखर्चाच्या खात्यात आपोआप जातील अशी बँकेत सूचना दिली. घरात पगार चालूच राहिला, फक्त लहान झाला. लेकीच्या क्लासची फी, किराणा, घराचा हप्ता सगळं त्यातून आणि नवऱ्याच्या कमाईतून. मोठी रक्कम एकाच खात्यात दिसत राहिली असती तर पहिल्या दोन महिन्यांत मी घाबरून तरी खर्च थांबवला असता किंवा निश्चिंत होऊन तरी केला असता, दोन्ही वाईटच.

घराच्या हप्त्यासाठी मी बँकेत एकही हप्ता चुकायच्या आधी गेले. मुदत वाढवून हप्ता २१,४०० वरून साधारण साडेसतरा हजारांवर आला. एकूण व्याज वाढलं, हे मान्य करून सही केली.

पीएफला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं, आणि नोकरी सुटली म्हणून ते लगेच थांबत नाही. पण मे महिन्यात दोन लाख काढावेच लागले, आणि तिथे नावाने अडवलं. पीएफ खात्यावर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. जॉइंट डिक्लेरेशन (नाव दुरुस्तीसाठी मी आणि कंपनीने मिळून द्यायचा अर्ज), जुन्या कंपनीची संमती, त्यात पाच आठवडे गेले. शिवाय कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की ती आपल्याला पोर्टलवर स्वतः भरता येते, तशी मी भरली. पैसे काढण्याचे नियम बदलायचा निर्णय पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला, म्हणून किती आणि कधी काढता येतात हे माझ्या अनुभवावरून ठरवू नका. नाव, जन्मतारीख आणि बँक खातं मात्र नोकरीत असतानाच जुळवून ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर नक्कीच.

एक चूक राहिली. कंपनीचा विमा गेला हे लक्षात आलं, पण कंपनीने काढलेला आयुर्विमाही त्याच दिवशी संपला हे माझ्या डोक्यात जानेवारीत आलं. अडीच महिने माझ्या नावावर काहीच नव्हतं. मग साधा टर्म प्लॅन घेतला. उत्पन्नाच्या पुराव्यासाठी मागच्या वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रं चालली.

ऑगस्ट २०२५ मध्ये मला नवी नोकरी लागली, पगार आधीपेक्षा थोडा कमी. तिथेही ग्रुप मेडिक्लेम आहे आणि सासूबाईंनाही त्यात घेतलं आहे. नवऱ्याने विचारलं, "आता ही घरची पॉलिसी कशाला?" मी ठेवली. मला नोकरी एका बैठकीत जाते हे माहीत झालंय, आणि अकरा वर्षांचं जे श्रेय तीन रात्री जागून वाचवलं ते एका न भरलेल्या हप्त्यात गेलं असतं. सलग साठ महिने पूर्ण झाले की सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर माहिती लपवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही, तेही महिने मोजणीत आहेत.

नूतनीकरण १ नोव्हेंबर २०२५ ला झालं. मूळ हप्ते वाढले : फ्लोटर २७,१०० आणि सासूबाईंचा ४१,२००. ज्येष्ठांचा हप्ता नियामकाशी आधी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला होता, म्हणून तो आकडा मी तपासून पाहिला, वाढ सात टक्के निघाली. आणि २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाल्यामुळे एकूण भरले ६८,३००, मागच्या वर्षापेक्षा ६,३९४ कमी.

एक गोष्ट मात्र फ्लोटर घेणाऱ्यांनी समजून घ्यावी, मला ती पॉलिसी हातात आल्यावर समजली. श्रेय जुन्या विमा रकमेपुरतंच येतं. कंपनीत आमचं कव्हर तीन लाखांचं होतं, आता दहा आहे. नवऱ्याला रक्तदाब आहे. त्या रक्तदाबामुळे काही झालं तर आज तीन लाखांपर्यंतच मिळतील, वरच्या सात लाखांसाठी ३१ ऑक्टोबर २०२७ पर्यंत थांबायचं आहे. ती तारीख मी पॉलिसीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिली आहे, आणि तोवर त्याची गोळी आणि सकाळचं चालणं मी चुकू देत नाही.