ट्वीमधली गोल ओठांची व्यंजनं तपासायला प्राट: काम चोख, पण आधी सेटिंग बदला

ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं प्राट हे आवाजाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर दिसायला जुनाट आहे, पण फुकट आहे. घानातल्या ट्वी भाषेची व्यंजनं तपासायला ते पुरेसं आहे.

ट्वीमध्ये ‘ह्ये’ (कपडे घालणं) आणि ‘ह्वे’ (पाहणं) असे लिहिले जाणारे दोन शब्द घ्या. दोन्हींत जीभ ‘श’सारखी टाळूजवळ असते. ‘ह्वे’त मात्र घर्षण (हवेचा ‘श्श’ आवाज) चालू असतानाच ओठ गोल होतात. आपण सवयीने आधी ‘ह’ आणि मग ‘व’ म्हणतो, तिथेच गाडं अडतं.

प्राटचा स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र: उभ्या अक्षावर कंपनसंख्या, गडद भागात जास्त ऊर्जा) मुळात ५००० हर्ट्‌झपर्यंतच दाखवतो. अशा घर्षणाची बरीच ऊर्जा त्याच्या वर असते, म्हणून मर्यादा १०,००० करा. ओठ पुढे आले की तोंडातली पुढची पोकळी लांबते आणि करडा पट्टा खाली सरकतो. आकडा हवा असेल तर फक्त घर्षणाचा तुकडा वेगळा काढा, ५०० हर्ट्‌झखालचं गाळून टाका (नाहीतर पंख्याची घरघर आकडा खाली ओढते), स्पेक्ट्रम (कोणत्या कंपनसंख्येला किती ऊर्जा याचा आलेख) बनवा आणि ‘सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी’ (त्या ऊर्जेची सरासरी कंपनसंख्या) विचारा. तुलना एकाच वक्त्याची, एकाच स्वरापुढची. रेकॉर्डिंग ४४,१०० हर्ट्‌झची वेव्ह फाइल असावी. मेसेजिंग ॲपवरून आलेल्या ऑडिओत वरची कंपनं कापलेली असतात, मग दोन्ही शब्दांचं घर्षण सारखंच दिसू शकतं.

फॉर्मंटचे (तोंडाच्या पोकळीत घुमून ठळक होणाऱ्या कंपनसंख्यांचे) लाल ठिपके घर्षणावर विखुरतात, ते वाचूच नका. स्वर सुरू होतो तिथे बघा: ‘ह्वे’चा दुसरा फॉर्मंट ‘ह्ये’पेक्षा खालून सुरू होतो. फॉर्मंट शोधण्याची वरची मर्यादा मुळात ५५०० असते, ती बायकांच्या आवाजाला ठीक. पुरुषाच्या आवाजाला ५००० करा, नाहीतर ‘ऊ’सारख्या जागी पहिले दोन फॉर्मंट एकच होऊन बसतात.

एक उणीव मात्र मोठी. दुसरा फॉर्मंट जीभ मागे गेल्यानेही उतरतो, त्यामुळे नुसत्या आवाजावरून ओठांबद्दल पैज लावू नये. समोरून आणि बाजूने व्हिडिओ हवाच. तो प्राटमध्ये उघडत नाही. त्यासाठी ईलान हे व्हिडिओवर नोंदी करायचं सॉफ्टवेअर वापरा, प्राटच्या टेक्स्टग्रिड फाइल्स (ध्वनींच्या वेळेनुसार केलेल्या नोंदी) त्यात आयात करता येतात.