मुरानोचं काच संग्रहालय: आधी इथे जा, मग खरेदी करा

आमचे आप्पा, म्हणजे आजोबा, ओगलेवाडीला कंदिलाच्या काचा फुंकायचे. कराडकडच्या जुन्या माणसांना ओगले ग्लास वर्क्स आणि प्रभाकर कंदील काय होता ते सांगायला नको. घरात नवा पेला आला की आप्पा आधी तो उलटा करायचे, बुडावरून अंगठा फिरवायचे आणि मगच बोलायचे. ती सवय माझ्यात उतरली. त्यामुळे म्युनिकहून लेकीने व्हेनिसची तिकिटं काढली तेव्हा मी एकच अट घातली होती, मुरानोला, म्हणजे व्हेनिसजवळच्या काचकामाच्या बेटाला, अख्खा दिवस द्यायचा.

तरी पहिल्या दिवशी चूक झालीच. व्हेनिसमध्ये एका दुकानातून मी सहा रंगीत पेले घेतले. हाताने फुंकलेले, मुरानोचे, असं दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं. गर्दी होती, लेक घाई करत होती, मी बूड बघितलंच नाही. रात्री खोलीवर दिव्याखाली धरले तर सहाच्या सहा पेल्यांवर त्याच जागी साच्याच्या सांध्याची रेघ. साच्यातली काच वाईट असं मी कधीच म्हणणार नाही, आप्पांच्या कंदिलाच्या काचा साच्यातच फुंकलेल्या असायच्या. पण जे आहे ते सांगून विकावं. मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या एकाने ‘मुरानोला फुकट बोट’ देऊ केली. ती बोट थेट एका शोरूमच्या धक्क्याला लागते आणि तिथून बाहेर पडणं अवघड होतं, असं लेकीने आधीच वाचलं होतं. “आई, तू सरळ नको म्हण,” ती म्हणाली. आम्ही फोंदामेंते नोवेच्या धक्क्यावरून ४.१ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे तिथली बोटीची बस, पकडली. बरेच लोक मुरानोच्या पहिल्याच थांब्यावर उतरतात. तुम्ही बसून राहा आणि ‘म्युझेओ’ थांब्यावर उतरा.

म्युझेओ देल वेत्रो, म्हणजे काचेचं संग्रहालय, पलाझ्झो जुस्तिनियान नावाच्या वाड्यात आहे. पूर्वी तिथे जवळच्या तोर्चेल्लो बेटाचे बिशप राहत. १२९१ मध्ये व्हेनिसच्या सरकारने आगीच्या भीतीने भट्ट्या शहरातून हलवून या बेटावर आणल्या, हे सगळीकडे वाचायला मिळतं. मला जास्त भिडली ती संग्रहालयाची स्वतःची गोष्ट. १७९७ मध्ये व्हेनिसचं राज्य बुडालं, भट्ट्या थंड पडत गेल्या, जुनी कसबं विसरली जाऊ लागली. तेव्हा १८६१ मध्ये मुरानोचे महापौर अंतोनियो कोल्लेओनी आणि विंचेन्झो झानेत्ती नावाचे पाद्री यांनी हे संग्रहालय उभं केलं. जुने नमुने गोळा करायचे आणि कारागिरांनी ते बघून पुन्हा शिकायचं, हा हेतू. म्हणजे हे मुळात प्रवाशांसाठी नव्हतंच, हात शिकवण्यासाठी होतं. आमच्याकडे आप्पांची फुंकणीसुद्धा उरलेली नाही. त्या दारात मी जरा वेळ उभीच राहिले.

रोमन काळातल्या कुप्या आणि अस्थिकलश आहेत, ते जरूर बघा, पण सगळी ताकद तिथेच संपवू नका. खरं ऐश्वर्य पंधराव्या शतकापासून पुढे आहे. अंजेलो बारोव्हिएर या कारागिराने त्या शतकाच्या मध्याला ‘क्रिस्ताल्लो’, म्हणजे स्वच्छ बिनरंगी काच, साधली. त्याआधीच्या काचेत हिरवट-पिवळट झाक राहायची. याने नदीतले पांढरे गारगोटे दळले, पूर्वेकडून येणारी वनस्पतींची राख उकळून गाळून शुद्ध केली आणि ती झाक घालवायला चिमूटभर मँगनीज टाकलं. ही राखेतल्या सोड्याची काच बराच वेळ मऊ राहते, म्हणून मुरानोवाले भट्टीपुढेच तिच्यातून पानं, फुलं, पंख काढतात. आपल्या जुन्या वाड्यांत पैलू पाडलेली झुंबरं दिसतात, ते घराणंच वेगळं. कापून, घासून पैलू पाडायला बोहेमियाची पोटॅशची कडक काच किंवा इंग्लंडची शिशाची काच लागते. मुरानोची पातळ काच तेवढी घासणी सोसत नाही. वर १८६४ च्या प्रदर्शनासाठी केलेलं प्रचंड झुंबर टांगलंय, ते बघताना हा फरक लगेच कळतो. त्यात एक पैलू नाही, नुसत्या वळलेल्या फांद्या आणि फुलं.

गर्द निळा, मीनाकाम केलेला ‘बारोव्हिएर पेला’ सगळे बघतात. वर-वधूचे चेहरे, एका बाजूला घोडेस्वारांची मिरवणूक. सुंदरच आहे. पण माझे पाय अडकले ते ‘रेतिचेल्लो’, म्हणजे जाळीच्या काचेच्या, एका तबकापाशी. लांबून वाटतं पांढऱ्या दोऱ्याची जाळी काचेत बसवलीय. जवळ जा. दोन रेघांच्या प्रत्येक चौकटीत हवेचा एकच टिपका आहे, मोहरीहून बारीक, आणि पूर्ण तबकभर त्यांच्या रांगा केंद्राकडे लहान होत जातात. पांढऱ्या काचेच्या बारीक कांड्या बसवलेला एक फुगा उजवीकडे पिळायचा, दुसरा डावीकडे, आणि एकात दुसरा फुंकायचा. दोन्हींवरचे उंचवटे एकमेकांना भिडतात आणि मधल्या खळगीत हवा अडकते. एखादी कांडी सरकली तरी जाळी तिथे फाटते. मी रांगा मोजायला घेतल्या आणि लेक पुढच्या दालनातून मला शोधत परत आली.

बायकांना खास सांगते, ‘रोझेत्ता’ मणी सोडू नका. याचं श्रेय अंजेलोची मुलगी मारिएत्ता बारोव्हिएर हिला देतात. १४८७ मध्ये तिला स्वतःची छोटी भट्टी बांधायची परवानगी मिळाली होती. पांढरे, निळे, लाल असे थर एकावर एक चढवून पोकळ कांडी ओढायची, तिचे तुकडे करायचे आणि टोकं घासायची की आतून बारा टोकांची चांदणी निघते. हे मणी व्यापाऱ्यांनी पार पश्चिम आफ्रिकेपर्यंत नेले. जवळच तांब्याच्या कणांनी चमचमणारी अव्हेंतुरिना काच बघून मी दचकले. आपल्याकडे खड्यांच्या दुकानात ‘सनसितारा’ म्हणून विकतात तो हाच प्रकार. तो खाणीतला दगड आहे असं मी इतकी वर्षं समजत होते.

अठराव्या शतकातली जेवणाच्या टेबलावर मांडायची काचेची बाग, कारंजी आणि कमानींसकट, मला फार शोभेची वाटली. लेकीला तीच सगळ्यात आवडली.

भट्टीचं काम मात्र बेटावरच्या कारखान्यांत वेगळं बघावं लागतं. ते आधी बघा आणि मग संग्रहालयात या, म्हणजे प्रत्येक वस्तूमागचा श्वास दिसतो. आमचे इथे तीन तास गेले. एका तासात उरकायचं असेल तर मी जाऊ नका असंच सांगेन.

खरेदी संग्रहालयानंतरच करा. ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह बघा. ते १९९४ च्या प्रादेशिक कायद्याने आलं आणि बेटावर तयार झालेल्या मालावर लागतं. दुकानदाराला कारागीर कोण ते विचारा. मग वस्तू उलटी करा. फुंकलेल्या पेल्याला शेवटी बुडाशी लोखंडी कांबीवर धरतात, ती तोडली की बेंबीसारखा व्रण राहतो. काही जण तो घासून गुळगुळीत करतात, तरी अंगठ्याला किंचित खळगा लागतो.

संध्याकाळी एका छोट्या दुकानात मी मधाच्या रंगाचा एकच पेला घेतला. तिथल्या बाईंनी मी बुडावर अंगठा फिरवताना बघितलं आणि काही न बोलता शेजारचे दोन पेले माझ्यापुढे सरकवले, हेही बघ म्हणून. तिन्हींची उंची थोडी थोडी वेगळी होती. मी मधला घेतला. लोकरी मोज्यात घालून, हातातल्या पिशवीतून कराडपर्यंत आणला, अजून शाबूत आहे.