बिलांसह भाडे: कोथरूडमधील अकरा महिन्यांचा हिशेब

गेल्या वर्षी बदली होऊन सोलापूरहून पुण्यात आले, तेव्हा घर शोधताना माझी मुख्य अट एकच होती: महिन्याला एकदा, ठरलेली रक्कम द्यावी आणि बाकी कोणत्याही बिलाची तारीख लक्षात ठेवावी लागू नये. सोलापुरात पती, सासूबाई आणि दहावीतला मुलगा, इकडे मी. दोन घरांचा खर्च एका पगारपत्रकात बसवायचा असल्याने भाडे थोडे जास्त असले तरी चालेल, पण ते दरमहा बदलता कामा नये, असे आम्ही ठरवले होते. कोथरूडमध्ये तसा एक वन बीएचके मिळाला. भाडे 27,000 रुपये आणि त्यातच सोसायटीचा मेंटेनन्स, पाणी, पाइपचा गॅस, इंटरनेट व 150 युनिटपर्यंतची वीज, डिपॉझिट 60,000. त्याच इमारतीत सामानाविना आणि बिले आपली आपण भरायची असा फ्लॅट 21,500 रुपयांना मिळत होता. 5,500 रुपयांच्या या फरकात फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉट, कपाट आणि एसी हेही येत असल्याने मला तो रास्त वाटला, आणि अकरा महिन्यांनंतरही माझे मत तेच आहे.

मात्र घर पाहताना एजंटने सांगितलेला आणि मी न ऐकलेला एक सल्ला येथे नोंदवते. ‘लाइट, गॅस वगैरे तोंडी ठरलेलंच आहे, करारात नुसतं भाडं लिहू,’ असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते आणि तशी नोंदणी नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे. पण नोंदणीकृत करारात केवळ रक्कम लिहिली आणि त्या रकमेत काय काय येते हे लिहिलेच नाही, तर आपल्या हातात दाखवण्यासारखे काही उरत नाही. मी प्रत्येक सेवा नावानिशी लिहून घेतली. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरील दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के असते. आमच्या बाबतीत ते आठशे रुपयांच्या आत आले आणि नोंदणी शुल्क 1,000 रुपये लागले. एवढ्या खर्चासाठी तोंडी शब्दावर विसंबण्याचे काही कारण नाही.

त्या लिहिण्याचा पहिला उपयोग पाण्याच्या बाबतीत झाला. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद राहणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्याची सवय होते. पण एप्रिलमध्ये महापालिकेचे पाणी कमी दाबाने येऊ लागले, सोसायटीने टँकर मागवले आणि प्रत्येक फ्लॅटमागे जादा वर्गणी लावली. आमच्या मजल्यावरच्या दुसऱ्या भाडेकरूंना ती भरावी लागली; माझ्या करारात ‘टँकरसह पाणी’ असे शब्द असल्याने मालकांनी ती स्वतः, एका शब्दानेही कुरकुर न करता भरली. गॅस आणि इंटरनेट यांबाबत सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि या दोन सेवांकडून माझी अपेक्षाही तेवढीच होती.

खरी अडचण विजेची. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात: पहिली 100 युनिट सर्वांत स्वस्त, 101 ते 300 चा दर त्याहून बराच चढा, पुढे 500 पर्यंत आणि त्यावर आणखी चढा. त्यामुळे मालक विजेला मर्यादा घालतात, यात मला काही गैर वाटत नाही. 15 लिटरचा, दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट संपते, आणि रात्रभराचा एसी सहज पाच-सहा युनिट घेतो. मर्यादा नसती तर कोणीही मालक अशा भाड्याने घर देणार नाही. माझा आक्षेप मर्यादेला नाही, ती मोजण्याच्या पद्धतीला आहे. फ्लॅटला स्वतंत्र मीटर असल्याने मी दर महिन्याचे वाचन वहीत लिहून ठेवत होते. जुलैत 105, ऑगस्टमध्ये 100, सप्टेंबरमध्ये 105, ऑक्टोबरमध्ये 130, नोव्हेंबरमध्ये 90, त्यानंतरच्या तीन महिन्यांत प्रत्येकी 95, मार्चमध्ये बरोबर 150, एप्रिलमध्ये 235 आणि मेमध्ये 250. अकरा महिन्यांची बेरीज 1,450 युनिट होते, तर दरमहा 150 प्रमाणे मुभा 1,650 युनिटची होती. म्हणजे एकूण मुभेपेक्षा मी 200 युनिट कमी वापरली, आणि तरीही एप्रिल-मेच्या 185 जादा युनिटचे पैसे मला वेगळे द्यावे लागले, कारण करारात ‘दरमहा’ हा शब्द होता आणि थंडीत वाचलेली युनिट पुढे ओढली जात नव्हती. पुण्याचा उन्हाळा मार्च ते मे असा असतो हे मालकांनाही ठाऊक आहे आणि भाडेकरूलाही. मग वर्षभर सारखीच मर्यादा ठेवणे हे प्रत्यक्षात उन्हाळ्याचे बिल भाडेकरूवर टाकण्यासारखे होते. हा शब्द सही करण्यापूर्वी माझ्या नजरेतून सुटला, याचे मला आजही वाईट वाटते.

वीजबिल आणि गॅसची जोडणी मालकांच्या नावावर असल्यामुळे पत्त्याचा पुरावा म्हणून माझ्याकडे केवळ करारच होता; तो नोंदणीकृत असल्याने बँकेत अडले नाही. घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की मालकांचा पॅन द्यावा लागतो, तोही त्यांनी पहिल्याच आठवड्यात दिला आणि दर महिन्याची पावती न मागता पाठवली. अशा घरांच्या शोधात असलेल्यांनी या दोन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. शिवाय ज्या घरात अनेक खोल्यांना मिळून एकच मीटर आहे, तेथे ‘वीज भाड्यात’ असे सांगितले तरी सावध राहावे, कारण सर्वांची युनिट एकत्र मोजली जाऊन बिल वरच्या टप्प्यात जाते आणि कोणी किती वापरली हे कोणालाच दाखवता येत नाही.

करार संपत आला तेव्हा मी वही घेऊन मालकांकडे गेले. त्यांनी आकडे शांतपणे तपासले आणि दिलेले पैसे परत करता येणार नाहीत, पण अट बदलू, असे सांगितले. नव्या करारात भाडे 28,000 झाले आहे आणि विजेपुढे ‘अकरा महिन्यांत एकूण 1,650 युनिट’ असे लिहिले आहे.